टोपीतला पावसाळा

जुन्या लष्करी सोला टोपीवर पांढरट बुरा दिसला की हात आधी ओल्या फडक्याकडे जातो आणि नुकसान तिथूनच सुरू होते. बुरशीला आपण मळ समजतो. माझ्या मते ती हवेतल्या पाण्याची खूण आहे. ही टोपी बनते कशी, हे पाहिले की ते पटते. बंगालच्या पाणथळ जागी उगवणाऱ्या शोला या वनस्पतीचा पांढरा, हलका गाभा पातळ कापायचा, साच्यावर खळीने थरावर थर चिकटवायचे, वरून खाकी कापड, आत अस्तर आणि कपाळाला टेकणारी चामड्याची घामपट्टी. (नावातला ‘सोला’ या झाडाचा, सूर्याशी त्याचा संबंध नाही.) गाभा, खळ, कापड, चामडे, शिवाय पट्टीत मुरलेला घाम आणि केसांचे तेल, हे सगळेच बुरशीचे अन्न. तिचे बीजाणू तर प्रत्येक घराच्या हवेत असतातच. म्हणजे कमतरता फक्त पाण्याची. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की तीही भरून निघते. पुणे, देवळाली, अहमदनगरच्या छावण्यांमधून अशा टोप्या वावरल्या. त्यांतली एखादी आज मुंबईत किंवा कोकणात कुणाच्या कपाटात असेल, तर तिथे जुलै-ऑगस्टमध्ये ही मर्यादा आठवडेच्या आठवडे ओलांडलेली असते. बुरशी कुठे उगवते, हेही बोलके आहे. धूळ सर्वांत जास्त बसते टोपीच्या माथ्यावर, पण बुरशी आधी दिसते ती घामपट्टीच्या आतल्या बाजूला, टोपीभोवती गुंडाळलेल्या कापडी पगडीच्या घड्यांत, दोन टोप्या एकमेकींना टेकतात तिथे आणि बाहेरच्या भिंतीकडे वळलेल्या कडेवर. यातली एकही जागा सर्वांत धुळीची नसते. तिथे वारा खेळत नाही, किंवा थंड भिंतीमुळे जवळच्या हवेची आर्द्रता वाढलेली असते.

म्हणून बुरशी काढण्याचे काम कोरडे आणि सावकाश करायचे. टोपी आधी इतर वस्तूंपासून वेगळी करून सावलीत, वाहत्या हवेत सुकू द्यावी, कारण ओली बुरशी ब्रशखाली फासली जाते आणि धाग्यांत आत शिरते. ती भुकटीसारखी झाली की मऊ ब्रशने उचलायची आणि हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने, नळीच्या तोंडाला जाळी लावून, ओढून घ्यायची. तोंडावर एन-९५ मास्क आणि हातात मोजे हवेतच. चामड्यावरचा प्रत्येक पांढरा थर बुरशी नसतो. कधी चामड्यातली चरबीच वर येते. भिंगाखाली बुरशीचे तंतू दिसतात, चरबीचे दिसत नाहीत, आणि चरबी किंचित उबेने वितळते. पाण्याने मात्र गाभा फुगतो, खळ सुटते आणि खाकीवर कडेकडेने डाग उमटतात. स्पिरिटही निर्धोक नाही. काही टोप्यांना कडकपणा द्यायला वापरलेली लाख त्यात विरघळते, चामड्याचा रंगही निघू शकतो. कापडात मुरलेला करडा डाग राहिला तर राहू द्यावा. तो घालवायला ब्लीच वापरले तर कापडच कमकुवत होईल.

बुरशी मारली नाही तर ती परत येईल, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा वाटतो, पण मारलेल्या बीजाणूंची जागा हवेतले नवे बीजाणू लगेच घेतात. औषधाने आर्द्रता कमी होत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आपल्या आयाआज्या गोधड्यांना ऊन दाखवत आल्या, मग टोपीला का नको? ऊन सुकवते, यात वाद नाही. पण गोधडी सगळी कापडाची, सगळीकडे सारखीच आकसते. टोपीत गाभा, चामडे आणि कापड वेगवेगळ्या वेगाने आकसतात, त्या ओढाताणीत थर सुटतात आणि पट्टीला भेगा पडतात. खाकीचा उडालेला रंग तर परत येत नाही. एसीवर भरवसा ठेवणाऱ्यांनीही सावध असावे. दिवसभर थंड झालेल्या टोपीवर रात्री एसी बंद होताच दमट हवेतले पाणी धरू शकते.

मग उरते ती टोपीभोवतालची थोडी हवा, आणि तिची काळजी सामान्य घरालाही परवडते. पॉलिथिनच्या पिशवीत नुसती बांधलेली टोपी स्वतःतलाच ओलावा कोंडून ठेवते, म्हणून तसे करू नये. घट्ट झाकणाचा डबा, त्यात कोरडी झालेली टोपी, आकार टिकावा म्हणून आम्लरहित कागदाचा आधार, टोपीला न टेकणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढे पुरते. डबा बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावा. काटा ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास असावा. ३५ च्या खाली गेला तर चामडे कडक होऊन तडकते, त्यामुळे जेल कोंबून भरणेही चूकच. भर पावसाळ्यात काटा ६० पार करू लागला की टोपी बाहेर काढून पुसत बसू नये. पुड्या बदलाव्यात आणि झाकण पुन्हा लावावे.