चांदीवरचे अरण्य

माणसाला कोणता छंद केव्हा जडेल याचा नेम नसतो. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आगगाडीची जुनी तिकिटे जमवीत. दुसरे एक गावोगावची माती लहान बाटल्यांत भरून फळीवर मांडून ठेवीत. मला नाण्यांचा नाद लागला, आणि तोही मोठ्या, ठसठशीत चांदीच्या नाण्यांचा. शिक्षकाच्या पगारात हा छंद परवडतो कसा, असे लोक मला विचारीत. खरे म्हणजे तो परवडत नाहीच. म्हणून तर इतक्या वर्षांत माझ्या संग्रही जेमतेम चाळीस नाणी जमली. ज्याच्यापाशी हजारो नाणी असतात, त्याला ती मोजावी लागतात. माझी मला तोंडपाठ आहेत.

त्यांतील सर्वांत मोठे नाणे अमेरिकेचे आहे. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे नोकरीनिमित्त राहतो. काही वर्षांपूर्वी तो करमाडला आला, तेव्हा पाया पडून झाल्यावर त्याने एक डबी माझ्या हाती ठेवली. डबी उघडली आणि क्षणभर वाटले, की हे नाणे नव्हे, पूजेतली लहानशी ताटलीच आहे! व्यास तीन इंच. वजन पाच औंस, म्हणजे 155 ग्रॅमांहून किंचित अधिक. एका बाजूस जॉर्ज वॉशिंग्टन यांचा मुखवटा. दुसऱ्या बाजूस जमिनीतून उसळणारा उकळत्या पाण्याचा उंच फवारा आणि त्याच्यापुढे उभा असलेला, मोठ्या आयाळीचा एक दांडगा बायसन. हे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचे नाणे होय. त्या फवाऱ्याला तिकडील लोकांनी ‘ओल्ड फेथफुल’, म्हणजे ‘जुना इमानी’, असे नाव दिले आहे. कारण सुमारे दीड-दीड तासाने तो न चुकता उसळतो.

या नाण्यामागची हकीकत मोठी मनोरंजक आहे. आपल्या देशातील वने, दऱ्याखोरी आणि स्मरणीय स्थळे यांची चित्रे पाव डॉलरच्या नाण्यांवर घालावीत, असा कायदा अमेरिकेने 2008 साली केला. पन्नास राज्ये, राजधानीचा प्रदेश आणि आणखी पाच मुलूख यांतून प्रत्येकी एक स्थळ निवडण्यात आले. 2010 पासून दर वर्षी पाच आणि 2021 साली शेवटचे एक, अशी 56 नाणी निघाली. बाजारात फिरणारी लहान नाणी साध्या धातूची होती. परंतु त्याच चित्रांची मोठी आवृत्ती शुद्ध चांदीत काढून ती संग्राहकांसाठी व चांदीत पैसा गुंतविणाऱ्यांसाठी विकण्यात आली. माझ्या डबीतले नाणे त्यांपैकीच. गंमत अशी, की एवढ्या थोरल्या चांदीच्या चकतीवरही किंमत लिहिलेली आहे ती पाव डॉलरच. म्हणजे आपले वीस-बावीस रुपये! कायद्याने पाहावे, तर त्या नाण्याला दोन कप चहा मिळेल. सोनाराच्या काट्यावर ठेवावे, तर शिक्षकाच्या घरात त्याची चर्चा आठ दिवस चालेल.

मी ते आमच्या गावच्या सोनाराकडून तोलून घेतले. माझ्याजवळ आजीच्या वेळचा एक हाली रुपया आहे. त्याच्या हिशेबाने ते अमेरिकन नाणे चौदा रुपये भार भरले. सोनाराने ते हातात खेळविले, नखाने टिचकी मारून त्याचा नाद ऐकला आणि भाव सांगितला. ‘विकावयाचे नाही,’ असे मी म्हटल्यावर त्याने पुन्हा एकदा टिचकी मारली.

हाली रुपया म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. आपला मराठवाडा 1948 सालापर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचे नाणे स्वतंत्र होते. ‘हाली’ म्हणजे चालू, प्रचलित. इंग्रजी अमलातल्या रुपयाला आमच्याकडे ‘कलदार’ म्हणत. शंभर कलदार घ्यावयाचे तर एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली मोजावे लागत. हा आकडा वेडावाकडा दिसतो, पण त्याचा अर्थ सरळ आहे : सहा कलदार बरोबर सात हाली. चांदीचा कलदार एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा असे आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. हाली 11.18 ग्रॅमचा आणि त्यात शेकडा सुमारे 82 भाग चांदी. वहीवर गुणाकार करून पाहा. सहा कलदारांत आणि सात हालींत शुद्ध चांदी जवळजवळ सारखीच, म्हणजे चौसष्ट ग्रॅमच्या आसपास निघेल. मुद्रा निरनिराळ्या असल्या, तरी चांदीचे गणित एकच होते.

या रुपयावर राजाचा मुखवटा नाही. कलदारावर राणीचे किंवा बादशहाचे तोंड असे. हालीवर मात्र चारमिनार आहे. 1591 साली बांधलेली ती इमारत विसाव्या शतकाच्या आरंभी मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत रुपयावर आली. तिच्या मधल्या कमानीत एक अक्षर कोरलेले असते. महबूब यांच्या नाण्यावर ‘मीम’, उस्मान अली खान यांच्या नाण्यावर ‘ऐन’. आमच्या भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी हैदराबाद कधी पाहिले नाही; पण चारमिनार त्यांच्या कमरेच्या कशात होता. एखादे स्थळ नाण्यावर घातले म्हणजे ते न पाहिलेल्या माणसाच्याही ओळखीचे होते, ही गोष्ट अमेरिकेच्या पुष्कळ आधी आमच्या करमाडच्या बाजाराला ठाऊक होती.

राज्य विलीन झाले तरी हाली रुपया काही वर्षे चालत राहिला. 1959 साली तो कायमचा रद्द झाला. नावाने ‘चालू’ असलेले नाणे चालेनासे झाले. मग ते देव्हाऱ्यात, गाडग्यात, लुगड्याच्या घडीत जाऊन बसले. आमच्या घरी असे एकवीस रुपये होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आजी ते चिंचेने घासून पाटावर मांडी आणि आम्ही मुले त्यांवरचे मिनार मोजीत असू.

नंतर 1972 चा दुष्काळ आला. मी तेव्हा शाळेत होतो. पावसाने आधीच्या वर्षीही ओढ दिली होती. त्या वर्षी विहिरींनी तळ दाखविला. गावातली धडधाकट माणसे खडी फोडावयास जाऊ लागली. सुकडी वाटली जाई. परदेशातून आलेल्या मिलोच्या तांबड्या भाकरी ताटात आल्या. त्या गिळताना पाण्याचा घोट लागे, आणि पाणी तर मोजूनच मिळे. दावणीचे बैल उपाशी राहू लागले, तेव्हा वडिलांनी आजीपुढे हात पसरला. आजीने रुपयांचे गाठोडे काढले, सोडले, आणि त्यांतला एक रुपया उचलून बाजूला ठेवला. “ह्यो देवाचा हाये,” ती म्हणाली, “ह्याला हात लावायचा नाही.” उरलेले वीस वडील घेऊन गेले. मीही बरोबर होतो. सराफाने काट्यात घातले, ते एकोणीस तोळे भरले. हाली चांदीत हीण जास्त म्हणून बट्टा धरला. आणि पैसे मोजून दिले. त्या दिवसांत त्याच्यापुढे अशा गाठोड्यांची रांगच असे. मागच्या खोलीत मूस तापलेली होती. मिनार, कमानी, त्यांतली अक्षरे, सगळे त्या मुशीत एक झाले. आमचे बैल मात्र वाचले. त्या व्यवहाराचे मला आजही वाईट वाटत नाही. चित्र कितीही सुबक असले, तरी उपाशी बैलापुढे टाकता येत नाही.

नाणी जमवू लागल्यावर मला त्या वर्षाच्या दोन गोष्टी नव्याने कळल्या. यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान मानले जाते. त्याची स्थापना 1872 सालची. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, ज्या सप्टेंबरात आम्ही आभाळाकडे डोळे लावून बसलो होतो, त्याच सप्टेंबरात आपल्या देशाने वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्या साली वाघांची मोजणी झाली, तेव्हा साऱ्या देशात 1,827 वाघ भरले. एप्रिल 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि आपले मेळघाट त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आले. त्याच 1973 साली सरकारने वीस रुपयांचे एक मोठे नाणे काढले : तीस ग्रॅम वजनाचे, निम्मी चांदी असलेले. त्याचा विषय होता ‘अधिक धान्य पिकवा’! ते नाणे मी पुढे मुंबईच्या एका विक्रेत्याकडून घेतले. वर्षाखाली मुंबईच्या टांकसाळीची बारीक चौकट आहे. ज्या काळात घरोघरची चांदी धान्यापायी सराफाकडे जात होती, त्याच काळात धान्याचे चित्र चांदीवर उमटत होते. या योगायोगाला हसावे की काय करावे, ते मला अजून ठरविता आलेले नाही.

वाघाचे आणि चांदीचे तर आपल्या रुपयावर विचित्र हाडवैर दिसते. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण पडली. 1940 पासून कलदारातली चांदी निम्म्यावर आली. हिंदुस्थान सरकारने अमेरिकेकडून सुमारे 22 कोटी 60 लाख औंस चांदी उसनी घेतली. ती परत करावयाची, म्हणून चांदीचे रुपये मागे घेऊन निकेलची नाणी पाडली गेली, आणि 1947 च्या निकेलच्या रुपयावर वाघ आला. चांदी गेली तेव्हा वाघ आला! आमच्याकडून फेडीत गेलेल्या त्या चांदीचा एखादा कण माझ्या यलोस्टोनच्या नाण्यात नसेलच असे कोणी सांगावे? हा अर्थात म्हाताऱ्या मास्तराचा कल्पनाविलास झाला. परंतु डबी उघडली, की तो मनात आल्यावाचून राहत नाही.

व्याघ्र प्रकल्पाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा 9 एप्रिल 2023 रोजी म्हैसूर येथे पन्नास रुपयांचे स्मारक नाणे प्रसिद्ध झाले. त्याच दिवशी देशात किमान 3,167 वाघ असल्याचे जाहीर करण्यात आले. ज्या चित्रामागे असा वाढता आकडा उभा असतो, ते चित्र पाहताना मन प्रसन्न होते. नुसतेच चित्र उरले असते, तर ते पाहवले नसते.

अमेरिकेच्या नाण्याविषयी माझे एक गाऱ्हाणे मात्र आहे. त्याने कधी कुणाची मीठमिरची आणली नाही. ते टांकसाळीतून निघाले आणि डबीत बसले. आजीच्या रुपयावरचे मिनार बोटांनी झिजले आहेत. कुणी तो शेतसाऱ्यात भरला असेल, कुणी लग्नात आहेर केला असेल. अमेरिकन नाण्यावरचा बायसन आजही कालच ठसा उमटविल्यासारखा लखलखतो. संग्राहक अशाच निष्कलंक नाण्याला अधिक किंमत देतात. मी मात्र त्यांच्या मताचा नाही.

निवृत्तीनंतरही आमच्या गावच्या शाळेत मी अधूनमधून जातो. परवा सातवीच्या वर्गात ते नाणे घेऊन गेलो. हातोहात फिरता फिरता ते एका मुलीपाशी थांबले. तिने विचारले, “सर, आपलं गौताळा कोणत्या नाण्यावर आहे?”

गौताळा-औट्रम घाट हे आमच्या जिल्ह्यातले, कन्नडकडच्या डोंगरांतले अभयारण्य. 1986 साली ते घोषित झाले. 2021 साली यवतमाळकडच्या टिपेश्वरचा एक वाघ शेकडो किलोमीटर चालत तेथे पोचला. तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत तो दिसला. करमाडहून तर ते डोंगर फार लांबही नाहीत. वाघ आला, पण नाणे निघालेले नाही, असे मी मुलांना सांगितले.

मग मुलांनीच एक खेळ काढला. ते मोठे नाणे वहीवर ठेवून पेन्सिलीने त्याचा गोल गिरवावयाचा आणि त्या गोलात आपल्या मनातले चित्र काढावयाचे. तीन इंचांचा गोल चित्राला पुरेसा होतो. कुणी वाघ काढला, कुणी वेरूळचे कैलास लेणे, कुणी रेल्वे स्टेशनाजवळचा लिंब. एका मुलाने विहीर काढली. काठावर रहाट, आत पाण्याच्या दोन रेघा. “ही कुठली रे?” मी विचारले.

“आमच्या मळ्यातली. आजोबा म्हणतात, बाहत्तर साली सगळा गाव हिच्यावर प्यायचा.” आणि गोलाच्या कडेने, नाण्यावर असते तशी, तो किंमत लिहू लागला. किती लिहावी, हे त्याला काही केल्या सुचेना.