चटका आणि ऊब

बंगळूरच्या किल्ल्याजवळ टिपू सुलतानाचा उन्हाळी वाडा आहे. तो १७९१ साली पुरा झाला. त्याचे सागवानी खांब दगडी बैठकींवर उभे आहेत. सकाळच्या सावलीत कोणी एक तळवा खांबावर आणि दुसरा बैठकीवर ठेवला, तर दगड गार लागतो, लाकूड लागत नाही. वास्तविक दोहोंचे तापमान जवळपास सारखेच असते. दगड तळव्याची उष्णता झपाट्याने ओढून घेतो, सागवान सावकाश घेते, एवढाच भेद. हाताला उमगते ते तापमानापेक्षा उष्णतेचे येणेजाणे.

मराठी भाषेला या येण्याजाण्याच्या तऱ्हा ठाऊक आहेत. चटका स्पर्शाने बसतो, झळ वाऱ्याबरोबर येते, धग दुरूनही जाणवते. ऊब मात्र हळूहळू येते आणि रेंगाळते.

पदार्थांच्या अंतरंगातही असेच भेद आहेत. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन उष्णता वाहून नेतात. म्हणून तांबे ग्रॅनाइटच्या शंभराहून अधिक पट उष्णतावाहक ठरते. दगडात आणि काचेत हे काम अणूंची कंपने करतात. रचना नेटकी असेल तर कंपन दूरवर पोचते. हिरा या बाबतीत तांब्यालाही मागे टाकतो. रचना विस्कळीत असेल तर कंपन वाटेतच विखुरते. लाकडात कोंडलेली हवा तर वाटच अडवून धरते.

परंतु वाहकता म्हणजे सारे काही नव्हे. पुढे जाणाऱ्या उष्णतेला वाटेतला पदार्थही तापवावा लागतो. पदार्थ जितका घन आणि जितकी उष्णता पोटात साठवणारा, तितका तापमानातला बदल पलीकडे पोचायला उशीर. या प्रवासाचे गणित जोसेफ फूरिए यांनी १८२२ सालच्या ग्रंथात मांडले. त्यानुसार भिंतीची जाडी दुप्पट केली, तर असा बदल पार व्हायला चौपट वेळ लागतो. मातीची जाड भिंत दुपारचे ऊन रात्रीपर्यंत अडवून धरते ती यामुळेच.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने 'अॅस्ट्रा' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा उपक्रम सुरू झाला. थोडे सिमेंट मिसळून, यंत्रात दाबून घडवलेल्या मातीच्या विटांवर तेथे काम झाले. गरिबाचे म्हणून हिणवलेल्या द्रव्याला प्रयोगशाळेत मान मिळाला, ही घटना लहान नव्हती.

त्याच शहरात पुढे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. काच उन्हाला अडवत नाही. किरण थेट आत येतात आणि खोलीत उष्णता होऊन अडकून पडतात. मग ती बाहेर फेकण्यासाठी यंत्रे लागतात, आणि रस्त्याने जाणाऱ्याला त्यांची झळ सोसावी लागते. मातीच्या भिंतीआडच्या माणसाला दुपार आणि रात्र यांच्यामध्ये काही तासांची उसंत मिळत असे. ती उसंत आता विजेच्या देयकावर मोजली जाते. आणि ज्याला ते देयक परवडत नाही, त्याच्या डोक्यावर बहुधा पत्र्याचे छप्पर असते.