नम लॉकचा दिवा

"दादा, कीबोर्ड-माऊस दोन्ही एकदम गेले," असा फोन आला की मी आधी विचारतो, नम लॉकचं बटण दाबल्यावर दिवा लागतो-विझतो का? पुष्कळांना वाटतं, तो दिवा कीबोर्ड स्वतःच लावतो. तसं नाही. बटण दाबल्याची खबर कॉम्प्युटरकडे जाते आणि दिवा लावायचा हुकूम तिकडून परत येतो. दिवा बदलला, तर जायची-यायची दोन्ही वाटा शाबूत आहेत. दिवा हलतच नसेल, तर मशीन हँग झालंय किंवा पोर्टच बंद पडलाय.

दोन वस्तू एकाच क्षणी मरत नाहीत, हे या धंद्यात मी शिकलेलं पहिलं सत्य. दोन्ही एकदम थांबल्या, की त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधायचं. दोघांना मिळून एकच रिसीव्हर असेल, एकच हब असेल, किंवा शेजारशेजारचे दोन पोर्ट. यूएसबीच्या पोर्टला ५ व्होल्ट मिळतात. त्यात वाकडी पिन असलेला पेन ड्राइव्ह खुपसला, तर शॉर्ट होऊन पोर्ट वीज तोडू शकतो. अशा वेळी मी सगळ्या वायरी काढतो, मशीन बंद करून प्लगही काढतो, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरतो आणि मग फक्त कीबोर्ड मागच्या पोर्टला लावतो. बरीच मशिनं इथेच ताळ्यावर येतात.

नाही आली, तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या पडद्यात, शिरायचं. तिथे कीबोर्ड चालला, तर तो निर्दोष, बिघाड विंडोजमध्ये. २०१५ नंतरच्या बऱ्याच मदरबोर्डांवर विंडोज ७ टाकताना हेच व्हायचं. बायोसमध्ये सगळं सुरळीत आणि इन्स्टॉलेशनच्या पहिल्या पडद्यावर कीबोर्ड-माऊस मुके. विंडोज ७ पाशी नव्या यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नव्हता. जुना गोल पीएस/२ कीबोर्ड जोडला की काम पुढे सरकायचं. म्हणून तसा एक कीबोर्ड मी अजून जपून ठेवला आहे.

एका वकीलसाहेबांच्या कचेरीतली गोष्ट मात्र मला सांगितलीच पाहिजे. टायपिंग करणाऱ्या बाईंनी दोन नवे कीबोर्ड आणवले होते आणि तिन्ही 'बंद' होते. मी एक अक्षर दाबलं, उमटलं नाही. बोट तसंच धरून ठेवलं, तेव्हा सेकंदाभराने उमटलं. कीबोर्डाच्या उजव्या कोपऱ्यावर खटल्यांच्या फायली टेकवलेल्या होत्या. उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून राहिली, की विंडोज 'फिल्टर कीज' सुरू करू का असं विचारतं. कुणीतरी न वाचता एंटर मारला होता. ही सोय हात थरथरणाऱ्या माणसांसाठी आहे, चुकून लागलेली बोटं मोजली जाऊ नयेत म्हणून. फार चांगली सोय आहे ती. सेटिंगमध्ये जाऊन मी ती बंद केली आणि तिन्ही कीबोर्ड चालू झाले. दोष मशीनच्या सेटिंगमध्ये असताना नवे कीबोर्ड विकणाऱ्या दुकानदाराने बाईंना एकही प्रश्न विचारला नव्हता. याचं मला आजही वाईट वाटतं.

वायरलेस माऊस अडखळत असेल, तर सेल बदलाच, पण रिसीव्हर कुठे खोचलाय तेही बघा. शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क चालू असली, तर तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो, आणि रिसीव्हर बोलतो नेमका त्याच पट्ट्यात. एक्स्टेंशन वायर लावून रिसीव्हर हातभर लांब नेला, की माऊस सुधारतो.

कीबोर्ड खरोखर जातो तो बहुधा चहाने. आत प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांवर वीज वाहणाऱ्या रेघा असतात. पाणी वाळतं, साखर तिथेच चिकटून राहते.

तेव्हा नवा कीबोर्ड घेण्यापूर्वी जुना दुसऱ्या एखाद्या मशीनला लावून बघा. तिथे चालला, तर खरेदी करू नका. मशीन दुरुस्तीला न्या.