दहावा क्रमांक

स्टीपलचेसमधला अडथळा पडत नाही. शंभर किंवा चारशे मीटरच्या हर्डल्सना पाय लागला तर ते कलंडतात आणि धावणारी पुढं निघून जाते. इथं आडवा टाकलेला वासा जाड, चौकोनी आणि इतका वजनदार असतो की धडकणारीच खाली येते. बायकांच्या शर्यतीत तो जमिनीपासून 76.2 सेंटिमीटर उंच. 3000 मीटरमध्ये असे 28 अडथळे, आणि त्याशिवाय सात वेळा पाणी. वाशाला लागूनच खड्डा, 3.66 मीटर लांबीचा, वाशाच्या पायथ्याशी खोल आणि पुढं उथळ होत जाणारा. उडी लांब गेली तर पाऊल घोटाभर पाण्यात पडतं. पायातला जोर सरला असेल तर त्याहून बरंच खोल. म्हणजे जी दमली तिला पाणी अधिक अडवतं, आणि पाण्यानं अडवलं की ती आणखी दमते. मैदानावर इतकी निष्ठुर शर्यत दुसरी नाही असं मला वाटतं, आणि इतकी देखणीही.

या शर्यतीत मराठी मुलुखानं भारताला दोन मोठी नावं दिली आणि दोन्ही अवर्षणाच्या गावांतून आली. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, आणि त्याच्याही आधी सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. मी बेळगावजवळ हिंडलग्याला राहते. आमच्याकडे मृग लागला की शिवार ओलं होतं, आषाढात सुळग्या-उचगावच्या बाजूला भाताच्या खाचरांतून पाणी हलत नाही, आणि पावसाला कंटाळलेली माणसं ऊन कधी पडणार म्हणून आभाळाकडे बघत बसतात. सह्याद्रीच्या अशाच पायथ्यानं उत्तरेकडे वर गेलं आणि डोंगरापासून पूर्वेला सरकलं की माण लागतो. तिथं ढग येतात ते महाबळेश्वरावर रिते होऊन. माणगंगा नदी वर्षातला बराचसा काळ वाळूचाच पट्टा असते. मेंढरं, खुरटी बाभूळ, ज्वारी-बाजरी आणि टँकरची वाट. शिखर शिंगणापूरच्या महादेवालाही त्याच कोरड्या डोंगरावर राहावं लागतं. तिथली पोर पाण्यावरून उड्या मारत जगात पोचली, हा योगायोग कुणाच्याही डोळ्यात भरेल. मला मात्र त्यात फार रमायचं नाही. योगायोगाचं कौतुक सुरू झालं की मेहनतीचा हिशोब मागं पडतो, आणि ललिताच्या बाबतीत तो सेकंदा-सेकंदानं लिहिलेला आहे.

ती 2 जून 1989 ला शेतकऱ्याच्या घरात जन्मली. 2005 मध्ये पुण्यात वीस वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिनं सुवर्ण मिळवलं, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्याच वर्षी हेलसिंकीला जागतिक स्पर्धेत बायकांची स्टीपलचेस पहिल्यांदा झाली. ऑलिंपिकमध्ये ती यायला 2008 उजाडावं लागलं. पुरुष ही शर्यत विसाव्या शतकाच्या आरंभापासून धावत होते. बायकांना इतकं थांबावं का लागलं याचं उत्तर ॲमस्टरडॅमपर्यंत मागं जातं. 1928 साली तिथं बायकांची 800 मीटर शर्यत झाली, जर्मनीच्या लीना राडकेनं ती विक्रमी वेळेत जिंकली, पण शेवटी काही जणी धापा टाकत खाली बसल्या याचाच गवगवा झाला आणि ती शर्यत 1960 पर्यंत ऑलिंपिकमधून बंद राहिली. पुरुष शर्यतीनंतर गवतावर आडवा झाला तर त्यानं सर्वस्व दिलं असं म्हणायचं, बाई झाली तर तिला झेपत नाही असं म्हणायचं. ललिता ज्या रेषेवर पुढं उभी राहिली ती रेषा इतक्या उशिरा आखली गेली होती, हे तिच्या वेळा वाचताना मी विसरू शकत नाही.

आधी ती रस्त्यावर धावायची. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत तिनं 2014 च्या जानेवारीत सलग तिसऱ्यांदा पहिला क्रमांक मिळवला. माणमध्ये त्या आधीच्या वर्षांत भीषण दुष्काळ होता, जनावरं चारा छावण्यांत बांधलेली होती, आणि मोहीची ही मुलगी मुंबईच्या समुद्राकाठी पहिली येत होती. लोकांनी तिला 'माणदेशी एक्स्प्रेस' म्हणायला सुरुवात केली. रेल्वेत नोकरी होती, नाव झालं होतं, मॅरेथॉनला गर्दी होती आणि बक्षिसाची रक्कमही. इथं थांबली असती तरी कुणी तिला काही कमी केलं असं म्हटलं नसतं.

पण तिसऱ्या विजयानंतर ती स्टीपलचेसकडे वळली. पंचविशीच्या उंबरठ्यावर. 42 किलोमीटरचा एकसंध ताल अंगात मुरलेला असताना, दर ऐंशी मीटरला पाऊल मोडून उडी घ्यायला शिकायचं; कुठला पाय आधी येईल याचा अंदाज दहा-पंधरा पावलं आधी बांधायचा; पाण्याच्या वाशावर पाय टेकवून पुढं झेपावायचं आणि भिजलेल्या बुटांनी पुन्हा वेग धरायचा. जाणती धावपटू पुन्हा नवखी होते ती अशी. 2015 च्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये ती 2 तास 38 मिनिटं 21 सेकंदांत पुन्हा भारतीय स्त्रियांत पहिली आली, जागतिक स्पर्धेचा निकषही पार केला, आणि तरी त्या वर्षी बीजिंगला ती उतरली स्टीपलचेसमध्येच. तिच्या आयुष्यातला हा निर्णय मला तिच्या कुठल्याही पदकापेक्षा मोठा वाटतो.

2014 च्या सप्टेंबरात इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत तिनं 9 मिनिटं 35.37 सेकंदांत कांस्य जिंकलं. रौप्य मिळवणारी चिनी धावपटू तिच्यापुढं 14 शतांश सेकंद होती, आणि चौथी आलेली सुधा सिंग तिच्यामागं 27 शतांश. सुधा रायबरेलीची, 2010 ची आशियाई सुवर्णविजेती, आणि राष्ट्रीय विक्रम त्या दिवसापर्यंत तिचाच होता. दोघी एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली, निकोलाय स्नेसारेव्ह या बेलारूसच्या कडक माणसाकडे तयार होत होत्या. भारतीय लांब पल्ल्याच्या धावपटूंची एक अख्खी पिढी त्यानं घडवली आणि 2021 मध्ये पतियाळात त्याचा मृत्यू झाला.

या दोघींची गोष्ट कुणीतरी सविस्तर लिहायला हवी. 2015 च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत वूहानला ललितानं 9:34.13 मध्ये सुवर्ण घेतलं. बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत 9:27.86, अंतिम फेरीत आठवी. 2016 च्या एप्रिलमध्ये दिल्लीत 9:27.09. मे महिन्यात शांघायला सुधानं 9:26.55 धावून विक्रम परत आपल्याकडे नेला. एक पुढं सरकली की दुसरी तिला ओलांडायची. पेपरात एखाद्या ओळीची बातमी यायची. हे काय चाललंय ते आमच्या घरात मला एकटीलाच ठाऊक असायचं, आणि ते कुणाला सांगावं तर आधी स्टीपलचेस म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागायची.

मग रिओ. 13 ऑगस्ट 2016. प्राथमिक फेरीत प्रत्येक गटातल्या पहिल्या तिघी थेट अंतिम फेरीत जाणार, आणि उरलेल्यांतून सर्वांत वेगवान सहा. ललिता आपल्या गटात चौथी आली. क्षणभर वाटलं, गेलं. पण घड्याळावर आकडा होता 9:19.76. स्वतःच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा सव्वासात सेकंदांहून थोडा अधिकच कमी. धावण्याच्या भाषेत सात सेकंद म्हणजे जवळजवळ चाळीस मीटर. दिल्लीत एप्रिलमध्ये धावलेली ललिता त्या दिवशी तिच्या शेजारी धावत असती तर चाळीस मीटर मागं राहिली असती. इंचॉनपासून मोजलं तर दोन वर्षांच्या आत तिनं साडेपंधरा सेकंद कमी केले होते. वेळेच्या जोरावर ती अंतिम फेरीत गेली. 1984 साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर ऑलिंपिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय स्त्री ललिता. मधे बत्तीस वर्षं गेली होती.

अंतिम शर्यत 15 ऑगस्टला, आपल्याकडे संध्याकाळ. सकाळचं झेंडावंदन होऊन गेलेलं, बाहेर हिंडलग्याचा पाऊस, आणि पडद्यावर रिओचं लख्ख ऊन. बहारीनची रूथ जेबेट एकटीच पुढं निघाली आणि 8:59.75 मध्ये जिंकली. तिच्या मागं केनियाची हायविन जेपकेमोई, मग अमेरिकेची एमा कोबर्न. कॅमेरा त्यांच्यावर. ललिता दिसायची ती फक्त पाण्याच्या खड्ड्यापाशी, घोळक्यातून एकदम वर आलेली, वाशावर पाय टेकवून झेपावणारी. 9:22.74. दहावी.

उषाचा चौथा क्रमांक आपण पाठ केला, कारण एक शतांश सेकंदानं पदक हुकल्याची हळहळ त्यात आहे. हळहळ लक्षात ठेवायला सोपी. दहाव्या क्रमांकात हळहळ नाही. तिथं धावणाऱ्या बाईनं त्या दिवशी जगात तिच्याहून नऊच जणी वेगवान आहेत एवढं सिद्ध केलेलं असतं, पण हे मोठेपण समजायला शर्यत आधी समजून घ्यावी लागते, आणि पदकांच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. त्या वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, सत्कार झाले, हेही खरं. तरीही रिओचं नाव काढलं की लोकांना बॅडमिंटन आणि कुस्तीतली पदकं आठवतात, आणि तसं आठवण्यात काही चूक नाही. मला एवढंच वाटतं की त्याच दमात मोहीच्या ललिताचंही नाव निघावं.

आम्हा बेळगावकरांना तर ही विस्मृती नवी नाही. 1920 मध्ये अँटवर्पला भारतानं पहिल्यांदा धावपटू पाठवले, त्यांत बेळगावचा फडेप्पा चौगुले होता. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहून दोराबजी टाटांनी ऑलिंपिकचा ध्यास घेतला आणि तो संघ उभा राहिला. त्या वर्षीची मॅरेथॉन ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब, 42.75 किलोमीटर. फडेप्पा 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत पोचला. एकोणिसावा. युरोपात पहिल्यांदाच पाऊल टाकलेल्या, थंडी-पावसात तिथल्या रस्त्यांवर धावलेल्या माणसाचा एकोणिसावा क्रमांक. शंभर वर्षं उलटून गेली, आणि आज गावात त्याचं नाव विचारलं तर सांगणारी माणसं शोधावी लागतात.

हिंडलग्याहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे मुली धावतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यानं मुलगे भरतीसाठी पिढ्यान्‌पिढ्या धावत आले. 2019 मध्ये लष्करी पोलीस दलासाठी स्त्रियांची भरती बेळगावात झाली आणि त्यानंतर मुलींचं धावणं गावाच्या डोळ्यांना सरावलं. कुणी लष्करासाठी, कुणी पोलिसांसाठी, एखादी नुसतीच शाळेच्या तालुका स्पर्धेसाठी. शेताकडे निघालेली एखादी आजी हाक मारते, "किती धावूलीस गे, दमलीस की!" आणि पोरगी हसून वेग वाढवते. रस्त्याला कडेची पट्टी नाही, मागून वाळूचे ट्रक येतात. पाण्याच्या खड्ड्याची शर्यत तर शाळेच्या मैदानावर शिकवताच येत नाही. त्यासाठी बांधलेली धावपट्टी, तो अवजड वासा आणि उडी शिकवणारा माणूस लागतो. यांच्यापैकी एखादीच्या पायात ती उडी असेल तरी ती तिला स्वतःलाही कळायची नाही. हे मला अस्वस्थ करतं. ललितालाही ती पंचविशी गाठताना कळली.

रिओनंतर ललिता त्या वेगानं पुन्हा धावली नाही. लग्न झालं, संसार सुरू झाला. राज्य शासनानं तिला उपजिल्हाधिकारी म्हणून नेमलं आणि ती महसूल खात्यात गेली. सुधानं 2019 मध्ये मुंबई मॅरेथॉन 2:34:56 मध्ये धावून रस्त्यावरचा तिचा विक्रम मोडला. रिओचा 9:19.76 मात्र जागचा हलला नाही. 2017 गेलं, 2018 गेलं, टोकियोचं ऑलिंपिक होऊन गेलं.

27 ऑगस्ट 2023 ला बुडापेस्टमध्ये जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत मेरठकडच्या इकलौता गावची पारुल चौधरी धावली. तीही शेतकऱ्याची मुलगी. 9:15.31. सात वर्षं चौदा दिवसांनी विक्रम ललिताच्या नावावरून पारुलच्या नावावर गेला, आणि एवढी धावूनही पारुल अकरावी आली. जग तितकं वेगवान झालं होतं. महिनाभरानं हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तिनं या शर्यतीत रौप्य घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी 5000 मीटरमध्ये सुवर्ण. बुडापेस्टची बातमी आली तेव्हा मी कागदावर वजाबाकी केली. ललिताचे 9:19.76, त्यातून पारुलचे 9:15.31. साडेचार सेकंदांना थोडे कमी. ही वजाबाकी करता यावी म्हणून वरचा आकडा आधी कुणीतरी धावून ठेवलेला होता.