शनिवार रात्रीचा कार्यक्रम

मैत्रिणींचे शनिवारचे प्लॅन्स दर आठवड्याला बदलतात. माझा ठरलेला असतो: जेवण, मग मेथोट्रेक्झेटच्या दोन पिवळ्या गोळ्या आणि ग्लासभर पाणी. लिव्हरचा प्रश्न असल्याने दारूवर फुली. रविवारी सकाळी थोडं मळमळतं, म्हणून शनिवार निवडला. आत्याला मात्र वाटतं, शनिवार म्हटल्यावर यात काहीतरी दैवी असणार. शनिशिंगणापूर आमच्याच जिल्ह्यातलं ना!

हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजचं समजून घेतल्याने माणसं दगावलेली आहेत, म्हणून आपला वार चिठ्ठीवर ठळक लिहून घ्यावा हे उत्तम.

सव्विसाव्या वर्षी मला ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस निघाला. 'या वयात?' हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की त्याची रिंगटोन करावी. गुडघे झिजतात तो म्हातारपणातला संधिवात वेगळा. इथे आपलीच रोगप्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. तो कुठल्याही वयात होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त.

सुरुवात टूथपेस्टच्या झाकणापासून झाली. ते उघडेना. दोन्ही हातांची बोटं, दोन्ही मनगटं सकाळी लाकडासारखी; अंघोळ, चहा, रिक्षा एवढं उरकेपर्यंत तास-दीड तास जायचा, मग हात जरा आपले वाटायचे. ज्या डॉक्टरांकडे आधी गेले ते म्हणाले, कॉम्प्युटरचं काम कमी करा. चार महिने पेनकिलर खाल्ल्या, नवा माऊस घेतला, ढिम्म फरक नाही. आता कळतं की ठोकताळा साधा होता. माऊसचं दुखणं कामाने वाढतं आणि विश्रांतीने कमी होतं. हे नेमकं उलट: झोपून उठल्यावर सगळ्यात वाईट, हालचालीने मोकळं. दोन्ही बाजूंचे छोटे सांधे सुजलेत, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या वर जातोय आणि हे काही आठवडे चाललंय, तर सरळ ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट गाठा. माझ्या रक्तात ऱ्हुमटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही पॉझिटिव्ह आले. (निगेटिव्ह आले तरी आजार असू शकतो, एवढं लक्षात असू द्या.)

गोळीची माहिती वाचून आई हबकली. 'अगं, हे तर कॅन्सरचं औषध!' खरं आहे. 1940च्या दशकात अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या ज्या प्रयोगशाळेतून ते आलं, तिथलं संशोधन आपल्या आंध्रातल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होतं. संधिवाताला ते फार छोट्या डोसमध्ये देतात. अमेरिकेत 1988 साली त्यासाठी मान्यता मिळाली. सोबत फॉलिक ॲसिड आणि ठरावीक महिन्यांनी रक्ततपासणी. एवढ्याने भागलं नाही तर पुढे बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत, पण त्याआधी टीबी लपून बसलाय का ते बघावंच लागतं.

आता आत्या. आम्ही कर्जत तालुक्यातल्या राशीनचे, नगर जिल्हा (2024 पासून अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच). तिची बोटं मी लहानपणापासून वाकडी बघत आलेय. 'वात आहे' म्हणायचं आणि कामाला लागायचं. मध्यंतरी कुणाकडून तरी पुड्या आणायची. एका दिवसात आराम पडायचा, महिन्याभरात तोंड सुजायचं. अशा बिननावाच्या पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं.

चुटपुट लागते ती याची, की भीमेपलीकडे भिगवणला, जिथे लोक फ्लेमिंगो बघायला जातात, तिथे 1996 साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमने घरोघर फिरून सांधेदुखीचं मोठं सर्वेक्षण केलं होतं. चार हजारांहून जास्त प्रौढ माणसं. शंभरातल्या साधारण अठरा जणांना सांधे-स्नायूंचं दुखणं होतं, आणि ऱ्हुमटॉइड हजारात साधारण पाच जणांना. खेड्यात, शेतात राबणाऱ्या माणसांत. आत्या नदीच्या अलीकडे राहिली.

घरात सध्या दुसराच वाद पेटलाय. स्थळं येतायत आणि आईचं म्हणणं, आजाराचं आधी बोलू नकोस. मेथोट्रेक्झेट चालू असताना गरोदर राहायचं नाही, काही महिने आधी ते थांबवून चालणारं दुसरं औषध घ्यायचं, हे सगळं प्लॅनिंगने जमतं. पण प्लॅनिंग दोघांचं असतं, मग लपवायचं कसं? गेल्या महिन्यात नगरला एकाला कॉफी पिताना सांगून टाकलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'घरी विचारून सांगतो.' अजून फोन नाही. आई माझ्याशी मोजकंच बोलते.

आत्याला मात्र शेवटी पुण्याला आणलंच. डॉक्टर स्पष्ट बोलले की वाकलेली बोटं औषधाने सरळ होणार नाहीत, सूज आणि दुखणं आटोक्यात आणता येईल, उरलेले सांधे वाचवता येतील. आत्याने दोन्ही हात टेबलावर ठेवून विचारलं, 'भाकरी थापता येईल का?'

'बघू,' डॉक्टर म्हणाले. 'तीन महिन्यांनी या.'