भेसळ नेमकी कुठे?

गेल्या शनिवारी माळा आवरताना एम.एस्सी.ची प्रोजेक्टवही सापडली. मधल्या एका पानावर आलेख चिकटवलेला आणि त्याखाली लाल पेनाने, माझ्याच अक्षरात: "सॅम्पल खराब. ऑक्सिडेशन. फेकले."

प्रकार असा होता. काचेवर कोबाल्टचा काही नॅनोमीटर जाडीचा थर द्यायचा, वर सोन्याचा पातळ संरक्षक थर. मग ते ७७ केल्व्हिनपर्यंत थंड करायचं आणि चुंबकीय क्षेत्र इकडून तिकडे फिरवून हिस्टेरिसिस लूप काढायचा. लूप शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखा यायला हवा. माझा चक्क एका बाजूला सरकलेला! आधी मशीनवर संशय घेतला. मग आठवलं, सोन्याचा थर द्यायचाच राहिला होता, आणि थंड करताना मॅग्नेटही चालूच ठेवला होता. म्हणजे दोन्ही चुका अस्मादिकांच्याच. कॅम्पस इंटरव्ह्यू तोंडावर आलेले. दुसरं सॅम्पल केलं, सुबक लूप आला, मार्क मिळाले आणि आम्ही सॉफ्टवेअरवाले झालो. असो.

वही हातात घेऊन त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो. हा सरकलेला लूप १९५६ सालीच मायकल्जॉन आणि बीन या दोघांनी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत पाहिला होता. कशात, तर ऑक्साइडचा लेप चढलेल्या कोबाल्टच्या कणांत! म्हणजे गंजलेल्या कोबाल्टमध्येच, आणि तेही चुंबकीय क्षेत्रात थंड करून. यालाच एक्सचेंज बायस म्हणतात. कोबाल्ट ऑक्साइड हा अँटिफेरोमॅग्नेट: शेजारशेजारचे स्पिन उलटसुलट, बेरीज शून्य. बाहेरच्या क्षेत्राला तो दाद देत नाही, पण चिकटलेल्या कोबाल्टला मात्र एका दिशेला धरून ठेवतो. आयबीएमने १९९७ मध्ये बाजारात आणलेल्या जीएमआर हार्ड डिस्कच्या रीड हेडमध्ये एक थर याच युक्तीने जागेवर खिळवलेला होता.

पण यात एक मोठी गोची होती. सांध्यावरचे सगळे स्पिन एकाच दिशेला धरून साधं गणित केलं, तर बायस प्रत्यक्षापेक्षा सुमारे १०० पट येतो. आणि सांध्यावर वर-खाली स्पिन बरोबरीने असतील, तर तो शून्य यायला हवा. तरीही बऱ्याचदा येतोच. मग धरून कोण ठेवतं?

इथे भेसळ कामाला येते. रस्सीखेचीचा खेळ डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना अगदी सारखी माणसं, दोर हलत नाही. आता काहीजण गैरहजर. सगळ्या मैदानाचा हिशेब केला तर दोन्हीकडचे गैरहजर जवळपास सारखेच, पण छोट्या गटांत पाहिलं तर कुठे हे चारजण जास्त, कुठे ते. अँटिफेरोमॅग्नेटमध्ये अचुंबकीय अणू घुसवले की तो अशाच गटांत फुटतो. गटांच्या सीमा रिकाम्या जागांतून जातात, कारण तिथे तोडायला बंधच नसतात, खर्च कमी. क्षेत्रात थंड करताना बहुतेक गट आपली शिल्लक क्षेत्राच्या बाजूला वळवून गोठतात. ही गोठलेली शिल्लक कोबाल्टला धरून ठेवते.

आखेन आणि ड्यूसबर्गच्या मंडळींनी २००० साली हे करूनच दाखवलं. कोबाल्ट ऑक्साइडच्या पोटात काही कोबाल्ट अणूंच्या जागी मॅग्नेशियम घातलं, सांधा मात्र स्वच्छ ठेवला. बायस कमी व्हायच्या ऐवजी चांगलाच वाढला! फार घातलं तर मात्र उतरतो, कारण अँटिफेरोमॅग्नेटच खिळखिळा होतो. आणि अचुंबकीय धातूचा थर थेट सांध्यावर घातलात, तर पकड झपाट्याने सुटते. म्हणजे भेसळ किती, याइतकंच ती कुठे आहे हेही बघावं लागतं.

आमच्या टीममध्ये 'कान्ट रिप्रोड्यूस' म्हणून बग बंद करणाऱ्यांवर मी नेहमी डाफरतो. त्यांनी ही वही पाहू नये म्हणजे झालं :-)

रविवारी सकाळी पट्टी घेऊन बसलो, म्हटलं लूप किती सरकला होता ते तरी मोजू. साडेचार मिलीमीटर. पण क्षेत्राच्या अक्षावर आकडेच लिहिलेले नाहीत. एककही नाही.