चरोतरच्या एका गोठ्यात

वडोदऱ्याहून मेमूने निघालं की नंदेसरीनंतर महीचा पूल लागतो आणि पलीकडे वासद. तिथून चरोतर सुरू. वासदहून बोरसदच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना केळी आणि तंबाखू, आणि गावात शिरलं की घराघरांपुढे म्हशी. अगदी परदेशातल्या पैशांतून बांधलेल्या दुमजली बंगल्यापुढेही. खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६चा, कुरियनसाहेब आणंदला आले १९४९ साली, हे आपल्या मुलांनाही ठाऊक असतं. शाळेच्या सहलीत त्यांना डेअरी दाखवतात. गोठा मात्र कुणी दाखवत नाही. तो बघायला मी भाद्रपदाच्या अखेरीस गेले. म्हशी पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत जास्त वितात, त्यामुळे गावात बऱ्याच ठिकाणी छोटी पारडी बांधलेली दिसली.

मैत्रिणीच्या मावशींकडे उतरले होते. सगळे त्यांना बा म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांची म्हैस त्याच पहाटे व्यायलेली. पारडाच्या नाकातोंडातला चिकटा पुसून, कोरड्या गोणपाटाने अंग खसाखसा चोळून झालं होतं. नाळ पोटापासून दोन इंचांवर दोऱ्याने बांधून खाली स्वच्छ ब्लेडने कापलेली आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवलेली. ओली नाळ शेणमुतात लोळली तर तिथून जंतू शिरतात आणि काही दिवसांनी पारडाचे गुडघे सुजतात, हे बांनी आधी सोसलेलं आहे.

खरा वाद चिकावरून झाला. शेजारच्या आजींचं म्हणणं, वार पडेपर्यंत पारडाला आचळाला लावायचं नाही. ही समजूत आपल्याकडेही गावोगावी आहे. बांनी तिकडे लक्षच दिलं नाही. "पहेलां एनुं, पछी आपणुं," एवढंच म्हणाल्या. आधी त्याचं, मग आपलं.

बा बरोबर होत्या. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच रोगांशी लढायची थोडी शिदोरी मिळते. गाईम्हशींच्या पिल्लांना जवळजवळ काहीच मिळत नाही. त्यांची शिदोरी चिकात असते. पहिल्या काही तासांत आतडी ती जशीच्या तशी रक्तात घेतात, मग ती वाट अरुंद होत जाते आणि साधारण चोवीस तासांत बंद होते. वार पडायला आठ-दहा तासही लागू शकतात. तोवर पारडाला उपाशी ठेवलं तर उत्तम वेळ गेलीच. उलट पारडू चोखू लागलं की म्हशीची पिशवी आकसते आणि वार पडायला मदतच होते. हिशोब सोपा आहे: वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसात. तीस किलोच्या पारडाला तीन लिटर, त्यातला पहिला भरपूर वाटा दोन तासांच्या आत.

आता खरवसाचं काय? आपल्या वडोदऱ्याच्या मराठी घरांत गवळ्याला "पहिल्या दिवसाचा चीक आण हं" असं बजावणाऱ्या काकू मला किमान चार ठाऊक आहेत. (गुजरातीत खरवसाला बळी म्हणतात.) पहिल्या दिवसाचा चीक इतका दाट असतो की त्यात दूध घालावंच लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा खरवसही उत्तम होतो, दूध कमी घाला म्हणजे झालं. म्हशीला चीकही बहुधा पारडाच्या गरजेपेक्षा जास्त येतो. तेव्हा मागावा, पण उरलेला. चीक मंडळीत घेत नाहीतच. (मंडळी म्हणजे गावची दूध सहकारी संस्था, आपल्या महाराष्ट्र मंडळाशी गल्लत नको.)

पुढची भीती हगवणीची. म्हशीच्या पारडांना जंत आईच्या दुधातूनच येतात, म्हणून जंताचं पहिलं औषध दहाव्या दिवसाच्या सुमारास, डॉक्टरांना विचारून. हगवण लागली की लोक दूध तोडतात. बा तोडत नाहीत. दूध चालू ठेवून मध्ये मीठ-साखरेचं पाणी पाजतात आणि डॉक्टरांना फोन करतात. पारडू जातं ते अंगातलं पाणी संपून. खाली कोरडा पेंढा हवा, आणि तो रोज बदलायला हवा. मी होते ते दोन्ही दिवस पाऊस होता आणि बांची निम्मी धावपळ त्या पेंढ्यासाठीच.

निघायच्या दिवशी दुसरी म्हैस व्यायली. पाडा झाला. नर म्हटल्यावर बऱ्याच गोठ्यांत त्याच्याकडे दुर्लक्ष होतं, कारण तो दूध देणार नाही आणि ट्रॅक्टर आल्यापासून ओढायलाही लागत नाही. बांनी त्यालाही तसाच चोळला, तसाच आचळाला लावला. मी विचारलं तेव्हा त्यांनी मायेचं काही सांगितलं नाही. म्हणाल्या, एका वर्षी पाडा गेला तर म्हशीने पान्हाच सोडला नाही. पेंढा भरलेलं कातडं तिच्यापुढे ठेवून बघितलं, तिने हुंगलं आणि मान फिरवली.